ट्रंकेतली अर्धवट गोधडी शेवटी पूर्ण झाली

आमच्या गुहागरच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आईने सुरू केलेल्या 3 गोधड्या कित्येक वर्षं तशाच पडून होत्या, एकीत तर सुई टोचलेलीच राहिली होती आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने गंजून तिने कापडाला लालसर डाग पाडला होता. कुबट वास तर विचारूच नका. ऑक्टोबरचं कडक ऊन पडल्यावर अंगणात 2 दिवस वाळवल्या, बुरशी सुकीच असताना ब्रशने झाडली (ओली केली की पसरते), गंजावर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवलं, बराच फिका झाला.

खरा घोळ आतल्या थराचा. आजीचं नऊवारी गोळा होऊन एका बाजूला सरकलेलं. आईचे टाके उसवायचा जीव होईना, पण तेवढ्याच भागाचे उसवले, चटईवर ताणून पसरलं, मधून कडेकडे लांब कच्चे टाके घातले आणि मगच धावदोरा. तिन्ही एकदम काढायच्या नाहीत हे नक्की केलं, एकच घेतली, रोज जेवणं झाली की 2 ओळी.

आईचे टाके बारीक, माझे मोठे, कुठे बदलले ते लगेच दिसतं, ते तसंच ठेवलंय. आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण कड दुमडताना कापड तिनेच धरलं होतं.