छोट्या स्वयंपाकघरात बीअर : मॅशिंगचं सामान घेताना या चुका टाळा

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं हा गुन्हा आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती बनवता येते, विकता येत नाही. हा लेख तिथल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी.

मॅशिंग म्हणजे दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव) गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर पाण्यात उतरवणं. त्याच्या सामानात सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पाककृती बघून सामान घेणं. बहुतेक पाककृती 19 किंवा 23 लिटरच्या असतात, म्हणून लोक तेवढी मोठी भांडी आणतात. मग घरातल्या शेगडीवर 25-28 लिटर पाणी धड उकळतच नाही. माप शेगडीवरून ठरवा. फ्लॅटमध्ये 10 लिटरची खेप पुष्कळ झाली.

तेवढ्यासाठी साधारण सव्वादोन किलो माल्ट लागतं. ते किलोमागे जवळपास एक लिटर पाणी पिऊन बसतं, आणि तासभराच्या उकळीत आणखी दोन-अडीच लिटर उडतं. म्हणजे सुरुवातीलाच 15 लिटर पाणी हवं, शिवाय माल्टची स्वतःची जागा. म्हणून पातेलं 19-20 लिटरचं घ्या. 15 लिटरचं घेतलंत तर ते पाण्यानेच काठोकाठ भरेल, माल्ट मावणार नाही. माल्ट ठेवायला पातेल्याच्या तोंडात नीट बसणारी बारीक जाळीच्या कापडाची पिशवी आणि एक मोठी चाळण, एवढ्यात मॅशिंग होतं. ॲल्युमिनियमचं पातेलंही चालतं. पिशवी आत असताना आच द्यायची असेल, तर तळाशी स्टीलची जाळी ठेवा, नाहीतर कापड जळतं.

काही जण मॅशिंगसाठी कूलर, म्हणजे पाणी गार-गरम ठेवणारा जाड भिंतींचा डबा, वापरतात. नळ बसवलेला 38 लिटरचा कूलर स्वस्त वाटतो, पण 10 लिटरच्या खेपेला तो चुकीचा आहे. माल्टचा थर पातळ राहतो, वरच्या रिकाम्या जागेत उष्णता जाते, आणि पाणी तापवायला नि उकळायला पातेलं लागतंच. मॅशिंग आणि उकळी दोन्ही करणारं इलेक्ट्रिक यंत्र घ्यायचंच असेल, तर आधी घरातला व्होल्टेज बघा. अमेरिकेतल्या 120 व्होल्ट, 15 अँपिअरच्या सर्किटवर 1800 वॅटच्या वर जाता येत नाही, त्यामुळे मोठी खेप उकळायला फार वेळ लागतो.

वाचलेले पैसे चांगल्या डिजिटल थर्मामीटरवर घाला. इथे कंजूषी करू नका. मॅश, म्हणजे पाण्यात भिजलेलं माल्ट, 65 ते 68 अंश सेल्सिअसमध्ये तासभर राहायला हवं. 62-63 वर राहिलं तर बीअर कोरडी, पातळ होते. 70 च्या पुढे गेलं तर न आंबणारी साखर उरून ती जड, गोडसर लागते. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरा, शून्य दाखवतो का बघा.

छोटं पातेलं लवकर गार होतं. आच बंद करून गोधडीत गुंडाळा. ओव्हनमध्ये मावत असेल तर आणखी उत्तम: ओव्हन अगदी कमी तापमानावर गरम करून बंद करा आणि पातेलं आत ठेवा. म्हणून पातेलं घेण्याआधी ओव्हनची उंची मोजा.

तापमान बरोबर असूनही वर्टमध्ये (माल्टमधून निघालेल्या गोड पाण्यात) साखर कमी भरली, तर बहुधा माल्ट जाडसर दळलेलं असतं, किंवा ढवळताना गुठळ्या राहिलेल्या असतात. दुकानदाराला दोनदा दळायला सांगा. पिशवी असल्यामुळे बारीक दळण चालतं. कूलरमध्ये तेच दळण नळ तुंबवतं. पिशवी उचलल्यावर ती पातेल्यावरच्या चाळणीत निथळू द्या आणि झाकणाने दाबा. भिजलेलं माल्ट पाच किलोच्या आसपास भरतं आणि चांगलंच गरम असतं, तेव्हा जाड हातमोजे घाला आणि मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा.