टाइमकोड टर्नटेबल जोडताना आधी सिग्नल तपासा

टाइमकोडची तबकडी म्हणजे संगणकातली गाणी टर्नटेबलवरून हाताळण्यासाठी डीजे वापरतात ती खास रेकॉर्ड. तिच्यावर गाणं नसतंच. सेराटो या डीजे सॉफ्टवेअर कंपनीच्या तबकडीवर १००० हर्ट्झचा सूर असतो. त्यावरून सॉफ्टवेअर वेग, दिशा आणि सुईची जागा ओळखतं. म्हणून सगळी मदार स्वच्छ सिग्नलवर. टर्नटेबलचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा. ऑडिओ इंटरफेसला (टर्नटेबल संगणकाला जोडणारा डबा) फोनो इनपुट (टर्नटेबलच्या क्षीण सिग्नलसाठीची जोडणी) नसेल तर मध्ये सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प लावाच. अर्थिंगची वायर जोडा, नाहीतर हम्म असा आवाज पाठ सोडत नाही. मग मोफत मिळणाऱ्या ‘मिक्स’ (Mixxx) या डीजे सॉफ्टवेअरच्या व्हिनाइल कंट्रोल सेटिंगमध्ये सिग्नलचं वर्तुळ बघा. ते गोल आणि स्थिर हवं. नुसती सरळ रेघ दिसली तर डावा किंवा उजवा चॅनेल पोचतच नाहीये: कार्ट्रिजचे, म्हणजे सुई बसते त्या भागाचे, पिन आणि केबल तपासा. वर्तुळ थरथरत असेल तर सुई ब्रशने मागून पुढे, अगदी हलक्या हाताने पुसा.