रानकेळीच्या नावाचा धबधबा: रावेरहून सिपीला कसं जावं

पुतण्या युगांडाच्या राजधानीत, कंपालात नोकरीला आहे. एकदा फोनवर म्हणाला, "काका, इकडे एक धबधबा आहे, त्याचं नाव केळीवरून पडलंय." धबधब्यांचं मला तसं कौतुक नाही, श्रावणात तोरणमाळची सीताखाई पाहिली आहे. पण केळीचं नाव निघालं की रावेरचा माणूस बसल्या जागी राहतो का भो?

तर आधी लस, मग तिकीट. आम्ही उलटं केलं आणि भुर्दंड भरला. पीतज्वराची लस घेतल्याशिवाय युगांडात प्रवेश नाही, आणि तिचं पिवळं कार्ड टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. आमचं विमान नवव्या दिवसाचं! तारीख बदलायला लागली. हे कार्ड परतताना आपल्याकडेही पाहतात. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, मुंबई-पुण्याला आहेत. व्हिसा ऑनलाइन, ५० डॉलर. नोटा कोऱ्या न्या. जुन्या छपाईच्या नोटेचा तिथे डाग पडलेल्या घडासारखा भाव पाडतात. चार्जरला ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिनांची पिन लागते.

डिसेंबर ते फेब्रुवारी तिकडे पाऊस कमी असतो. म्हणजे कांदेबाग केळीची लागण उरकली की निघावं. एप्रिल-मेच्या पावसात, सिपी ज्या डोंगरावर आहे त्या माउंट एल्गनचे उतार भरवशाचे नसतात. २०१० साली मार्चमध्ये त्याच डोंगरावर बुदुदा भागात दरड कोसळून शेकडो माणसं गेली.

एन्टेबेला उतरून कंपाला, तिथून जिंजा, म्बाले आणि सिपी. कंपालापासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पाच-सहा तास धरा. एका दिवसात जाऊन यायचा हट्ट करू नका. जिंजाला मात्र थांबा. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल तिथे बाहेर पडते. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला होता, आता त्यांचा अर्धपुतळा आहे. बायकोने हात जोडले. पुढे डांबरी सोडून फाट्याला लागलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, आता 'मरम'चा रस्ता. मी खाली पाहिलं तर तांबडा मुरूमच!

सिपी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. संध्याकाळी स्वेटर लागतं. एकाच सिपी नदीचे एकाखाली एक तीन धबधबे आहेत, सगळ्यात खालचा सगळ्यात उंच, सुमारे १०० मीटर. तिन्ही पाहायला तीन-चार तास. वाटा लोकांच्या शेतांतून जातात, म्हणून गावातलाच वाटाड्या घ्या आणि पैसे निघण्याआधी ठरवा. शेतातून जाण्याचे मधेमधे थोडे पैसे मागतात. घासाघीस करू नका. आपल्या मळ्यातून कोणी रोज पर्यटक नेले असते तर आपण काय केलं असतं? चपला-सँडल घालून गेलात तर खालच्या धबधब्याच्या उतारावर बसून घसरावं लागेल. मी घसरलो. मधल्या धबधब्याला पाण्याच्या मागे गुहा आहे. एल्गनच्या अशा गुहांमध्ये पूर्वी लोक गुरं बांधत.

आता मुख्य गोष्ट. नदीकाठी 'सेप' नावाचं झाड उगवतं, त्यावरून सिपी. पानाची मधली शीर गडद तांबडी. गोवर आणि तापावर तिथले लोक ते वापरतात. वाटाड्याने दाखवलं आणि मी लगेच बुंध्याशी मुनवे, म्हणजे बुडाशी फुटणारी पिलं, शोधायला वाकलो. एकही नाही! ही आपल्या सातपुड्यातल्या रानकेळीची बहीण. ती मुनवे फोडत नाही, एकदा फुलते, बी धरते आणि मरते. आपली केळी मात्र मुनव्यांवर चालते.

हा मुलूख साबिनी लोकांचा. एकेकाळचे गुराखी, आता कॉफी, केळी आणि मका. त्यांची एक गोष्ट मला धबधब्यापेक्षा मोठी वाटली. मुलींची सुंता करण्याची जुनी रूढी थांबवण्यासाठी त्यांच्याच म्हाताऱ्यांची संघटना पुढे आली, १९९८ मध्ये तिला संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. कायद्याने बंदी आली ती २०१० मध्ये. पळण्यातही हे लोक पुढे. लंडन ऑलिंपिकचा मॅरेथॉनविजेता स्टीफन किप्रोटिच आणि लांब पल्ल्याचा धावपटू जोशुआ चेपतेगेई दोघेही याच कापचोर्वा भागातले. चढावर पोरं आमच्या बाजूने सुसाट जायची आणि "मुहिंदी!" म्हणून ओरडायची. म्हणजे हिंदुस्थानी. रागावू नका.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. माटोके म्हणजे हिरवी केळी पानात गुंडाळून वाफवून कुस्करलेली, वर शेंगदाण्याचा रस्सा. मिठाला कमी, तिखटाला शून्य, म्हणून ठेचा घरून न्या. 'रोलेक्स' म्हटलं तर घड्याळ नव्हे. चपातीत गुंडाळलेलं अंड्याचं ऑम्लेट. कॉफी मात्र समोर भाजून, उखळात कुटून देतात, ती चुकवू नका.

येताना मुनवा, बी, पान, काहीही आणू नका. २००१ मध्ये युगांडात केळीवर झँथोमोनासचा जिवाणूजन्य मर रोग सापडला आणि बागाच्या बागा गेल्या. तो कोयत्यावरून, किड्यांवरून, लागणीच्या मुनव्यांवरून पसरतो. आपल्याकडे केळीवरच्या सीएमव्ही विषाणूने काय केलं ते पुरेसं आहे. मी निघायच्या आदल्या रात्री बूट साबणाने घासले, तळव्याच्या खाचांतला चिखल काडीने काढला. बायको बघत होती. म्हणाली, "घरी कधी घासले का इतके?"