डीव्हीडी रेकॉर्डर नव्या टीव्हीला जोडल्यावर चित्र कृष्णधवल : माझा अनुभव

आवाज खणखणीत, चित्र मात्र राखाडी, आणि जवळून पाहिलं तर त्यावर बारीक ठिपक्यांची जाळी. ताईच्या डोहाळजेवणाच्या रेकॉर्डिंगमध्ये हिरवा शालू कुठला, कळेना.

वायर बदलली, रेकॉर्डरमध्ये पाल-एनटीएससी (रंगीत चित्राच्या दोन पद्धती) उलटसुलट केलं. दोन रविवार गेले, डोकं फिरलं.

खरी गोम टीव्हीच्या मागे होती. चित्राच्या पिवळ्या वायरीचं वेगळं भोक नाहीच; हिरव्यावरच ‘व्हिडिओ/वाय’ लिहिलंय, म्हणजे दोन कामांना एकच जागा. मी सोर्स ‘कॉम्पोनंट’ (चित्र तीन वायरींतून वेगवेगळं येतं तो प्रकार) ठेवला होता. त्यात हिरव्यातून टीव्ही फक्त उजेड-अंधार वाचतो. पिवळ्या वायरीतला रंग ठिपके होऊन दिसतो.

उपाय असा: आधी टीव्ही आणि रेकॉर्डर दोन्ही बंद करा. पिवळी, पांढरी, लाल वायर रेकॉर्डरच्या ‘आउट’मध्ये लावा (‘इन’ शेजारीच असतं, मी एकदा फसलो). टीव्हीकडे पिवळी हिरव्यात, पांढरी आणि लाल ऑडिओच्या भोकांत. व्हिडिओचंही एक लाल असतं, ते सोडा. दोन्ही सुरू करून सोर्स ‘एव्ही’ निवडा.

रंग लगेच आले. शालू हिरवा नव्हताच, मोरपंखी होता.