लहान मुलाने घरातील विषारी पदार्थ गिळल्यास

रांगू लागल्यापासून साधारण पाच वर्षांपर्यंतचे मूल हाती लागेल ते तोंडात घालते. म्हणून रॉकेल, थिनर, फिनेल किंवा फवारणीतून उरलेले औषध पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. तहानलेल्या मुलाला ते पाणीच वाटते. हे पदार्थ मूळ बाटलीतच, कुलूपबंद कपाटात ठेवावेत. देवघरातला कापूरही तिथेच हवा, कारण तो थोडासा गिळला तरी लहानग्याला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. आजी-आजोबांच्या उशाशी असणाऱ्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या आणि आईच्या लोहाच्या गोळ्या यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

मुलाने काही गिळल्याचे कळताच आपल्याकडे मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवली जाते. हे कृपया करू नये. रॉकेलचा मोठा धोका पोटाला नसून फुप्फुसांना असतो. उलटी होताना ते श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते, तर मिठाच्या पाण्याने रक्तातील सोडियम जिवावर बेतेल इतके वाढू शकते. दूध-तूपही पाजू नये.

तोंडात उरलेला पदार्थ पुसून काढावा, भिजलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि डोळ्यात काही गेले असल्यास डोळा वाहत्या पाण्याखाली 15 ते 20 मिनिटे धरावा. मूल गुंगीत असेल, धाप लागली असेल किंवा झटके येत असतील, तर त्याला कुशीवर वळवून लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एरवी दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो, मात्र त्यासाठी रुग्णालयात जाणे लांबवू नये.

उंदीर मारण्याच्या पिवळ्या फॉस्फरसयुक्त पेस्टबाबत विशेष सावध राहावे. सुरुवातीची उलटी थांबून मूल दिवस-दोन दिवस नेहमीसारखे खेळते, घरचे निर्धास्त होतात आणि मग कावीळ दिसू लागते, तोवर यकृताला गंभीर इजा झालेली असते. यावर खात्रीचा उतारा नाही, म्हणून मूल ठणठणीत दिसत असले तरी त्याच तासाला रुग्णालय गाठावे. उंदरांच्या वड्यांमधील विष बहुधा वेगळेच, रक्त गोठू न देणारे असते आणि त्याचे उपचारही वेगळे असतात; त्यामुळे वेष्टन फेकून दिले असेल तर कचऱ्यातून शोधून सोबत न्यावे.