सुयांवरचे पहिले ब्लँकेट: कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत

सोलापूरच्या माणसाला पांघरुणाची ओळख करून द्यावी लागत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली इथली चादर मागावर तयार होते आणि तिथे ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट ओढून धरण्याचे काम मागच करतो. दोन सुयांवरच्या विणकामात मात्र ताणा-बाणा नसतो. एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवले जातात आणि धाग्याचा ताण सर्वस्वी विणणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून राहतो. नवशिक्याने मिळवायची गोष्ट म्हणजे हा सारखा हात, आणि म्हणून पहिल्या ब्लँकेटमध्ये त्याखेरीज दुसरे कोणतेही अवघड काम असू नये, असे माझे ठाम मत आहे. एकच रंग घ्यावा, सर्व टाके सुलट विणावेत आणि विणकाम एका कोपऱ्यात सुरू करून समोरच्या कोपऱ्यात संपवावे.

धाग्याबद्दल आधी सांगतो. आपल्याकडे कडाक्याची थंडी थोडेच दिवस असते आणि एरवी रात्री पंखा लागतोच, त्यामुळे घाम शोषणारा सुती धागा इथे अधिक उपयोगी पडतो. तो विणकामासाठी म्हणून विकला जाणारा मध्यम जाडीचा असावा. मागासाठीचे सूत शहरात सहज मिळते, पण ते फार बारीक असते; त्याचे चार-सहा पदर एकत्र घेतले तर सुईचे टोक पदरांच्या मधे शिरते आणि नवशिक्याचा हात अडखळतो. रंग फिकट घ्यावा, कारण गडद रंगावर रात्रीच्या दिव्यात टाके दिसत नाहीत. सगळे गुंडे एकदमच घ्यावेत आणि लेबलावरचा लॉट क्रमांक, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक, सारखा आहे की नाही हे दुकानातच पाहावे. वेगळ्या लॉटच्या रंगातला फरक गुंड्यात जाणवत नाही, विणल्यावर मात्र पट्ट्यासारखा उठून दिसतो. पाऊण मीटर चौरस ब्लँकेटला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम धागा लागतो.

सुया ५ मिलिमीटरच्या घ्याव्यात. जुन्या क्रमांकांनुसार ही ६ नंबरची सुई होय. या पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात न ठेवल्यास दुकानातून हमखास चुकीची सुई घरी येते. मध्यावर टाके दोनशेच्या आसपास जातात आणि ते सरळ सुयांवर मावत नाहीत, त्यामुळे दोन टोके लवचीक वायरने जोडलेली ८० किंवा १०० सेंटिमीटरची सुई घ्यावी. तिच्यावर गोल न विणता, ओळ संपली की काम उलटवून परत यायचे. ब्लँकेटचे वजनही मग मनगटाऐवजी मांडीवर राहते. शक्य असल्यास सुई बांबूची असावी. गुळगुळीत धातूवरून टाके पटकन निसटतात आणि उन्हाळ्यात हात घामेजले की धातूची सुई अधिकच त्रास देते.

ब्लँकेट सुरू करण्यापूर्वी घरात पडलेल्या कोणत्याही लोकरीचे २० टाके सुईवर घालून चाळीसेक ओळी सुलट विणाव्यात. सुलट टाका असा: धागा कामाच्या मागे ठेवून उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या फासात पुढून मागे घालावी, धागा उजव्या सुईच्या टोकाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा, तो नवा फास पुढे ओढून घ्यावा आणि जुना फास डाव्या सुईवरून सोडून द्यावा. जुना फास सहज सरकत नसेल तर हात घट्ट आहे. सुया हलवताच टाके पसरत असतील तर तो सैल आहे. या सरावाच्या तुकड्यावरच बोटांना आपला ताण सापडतो, म्हणून तो टाळू नये.

आता प्रत्यक्ष ब्लँकेट. सुईवर ४ टाके घालून एक ओळ सुलट विणावी. त्यानंतरच्या प्रत्येक ओळीत २ टाके सुलट विणून धागा दोन्ही सुयांच्या मधून पुढे घ्यावा आणि उरलेले सर्व टाके सुलट विणावेत. धागा पुढे घेतल्यामुळे सुईवर एक जादा फास बसतो, म्हणजे दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेने छिद्रांची सुबक जाळीही आपोआप तयार होते. सुरुवातीच्या ओळी चिमुकल्या असतात, पुढे त्या हळूहळू लांबतात, आणि ओळ लांब होईपर्यंत हात बसलेला असतो. याच कारणासाठी मी ही पद्धत सुचवतो. सरळ विणायचे असते तर पहिल्याच ओळीला १३५ टाके घालावे लागले असते आणि मोजमाप चुकले तर सारे उसवावे लागले असते.

इथे मापाची चिंता नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. विकत घेतलेल्या धाग्यापैकी निम्म्याला थोडा कमी धागा संपला की वाढवणे थांबवावे आणि कमी करायला लागावे. या अर्ध्या भागात प्रत्येक ओळीची सुरुवात बदलते: १ टाका सुलट, दोनाचा एक (म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणणे), धागा पुढे, पुन्हा दोनाचा एक, आणि उरलेले सर्व सुलट. दर ओळीला एक टाका कमी होत शेवटी ४ उरले की ते बंद करावेत.

नवशिक्याच्या बहुतेक चुका ओळीच्या सुरुवातीला होतात. काम उलटवल्यावर धागा सुईवरून मागे ओढला गेला तर पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि संख्या नकळत वाढते. धागा सुईच्या खालून मागे न्यावा. ओळ अर्धवट ठेवून उठू नये, कारण परत आल्यावर कोणत्या दिशेने चाललो होतो ते कळत नाही. टाका सुटलाच तर घाबरून ओढाताण न करता त्यात आधी सेफ्टी पिन अडकवावी, म्हणजे तो खाली उसवत जात नाही. मग क्रोशाच्या सुईने तो वर आणता येतो. दर वीसेक ओळींनंतर भरतकामाचा बारीक धागा सुईवरच्या सर्व टाक्यांतून ओवून तसाच ठेवावा. पुढे मोठी चूक झाली तर तिथपर्यंतच उसवावे लागते. एवढी काळजी घेणाऱ्याला उसवण्याची भीती उरत नाही.

नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडावा. गाठ मारू नये. दोन्ही टोके १५ सेंटिमीटर लांब सोडावीत आणि शेवटी बोथट सुईने ती विणीत, जाळीची छिद्रे टाळून, लपवावीत.

सगळे मिळून सुमारे ३६ हजार टाके होतात. मिनिटाला पंधरा टाक्यांच्या संथ गतीनेही ते चाळीस तासांचे काम आहे. दिवाळीनंतर रोज तासभर बसले तर संक्रांतीच्या सुमारास, सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, ब्लँकेट अंगावर घेता येते.

पहिल्यांदा धुताना ते कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे. ओले सुती विणकाम फार जड होते आणि दोरीवर टांगले की स्वतःच्याच वजनाने लांबते. म्हणून जुन्या चादरीवर सपाट पसरून, चारही कडा हाताने सरळ करून वाळवावे. गच्चीवरचे आपले ऊन रंग उडवते, तेव्हा सावलीच पाहावी. ब्लँकेट तान्ह्या बाळासाठी विणले असेल तर ते मांडीवर किंवा जमिनीवर अंथरायला वापरावे. वर्षाच्या आतील बाळ झोपलेले असताना त्याच्यावर सैल पांघरूण ठेवू नये, आणि बाळासाठीच्या तुकड्यात जाळीची छिद्रे मोठी झाली असतील तर त्यांत बोटे अडकत नाहीत ना, हे आधी तपासावे.