चिकन भारी की भाजी? तुलना करताना या चुका टाळा

‘पालकात चिकनपेक्षा जास्त प्रोटीन असतं’ हा फॉरवर्ड दरवर्षी गटारीच्या आसपास हमखास फिरतो, मग जिमला जाणारं कुणीतरी ‘भाज्यांत पाण्याशिवाय असतं काय’ असं ठोकून देतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाणीकपातीचा मेसेज वर कुठेतरी गडप होतो. आकडे दोन्हीकडचे बऱ्याचदा खरेच असतात हो, घोळ असतो तो मोजण्यात. कशाचं किती मोजलं आणि कशाशी लावलं, तिथेच सगळी गडबड.

१०० ग्रॅम आणि १०० कॅलरी यांची सरमिसळ

पालकाचा फॉरवर्ड वजनावर चालतच नाही, तो कॅलरीवर चालतो. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण २३ कॅलरी आणि २.९ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे निम्म्या कॅलरी प्रोटीनच्याच झाल्या, ऐकायला एकदम भारी. पण शिजवलेलं बिनस्किनचं ब्रेस्ट घ्या, १०० ग्रॅमला साधारण १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे कॅलरीतला पाऊण वाटा प्रोटीनचा. तेव्हा कॅलरीचा हिशोब लावला तरी चिकनच पुढे. आणि तेवढं ३० ग्रॅम प्रोटीन नुसत्या पालकातून काढायचं ठरवलं तर एक किलोच्या वर पालक लागेल, दादरहून पिशवी भरून आणा, निवडा, धुवा आणि एकट्याने एका बसणीला संपवा बघू. ब्रोकोलीचंही तेच, १०० ग्रॅमला तीनेक ग्रॅम, आणि तिचा भाव तर विचारूच नका.

आता जिमवाल्यांनी लगेच खुश होऊ नका. त्याच पालकात फोलेट, के जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, फायबर असं बरंच काही आहे आणि चिकनमध्ये फायबर चक्क शून्य, सी जीवनसत्त्व पण नसल्यातच जमा. उलट बी१२ कुठल्याच भाजीत नाही, पालेभाजीत नाही की फळभाजीत नाही. म्हणजे ‘जास्त पौष्टिक कोण’ असं नुसतं विचारलं तर उत्तरच नाही, काय हवंय ते आधी सांगा.

कच्चं वजन, शिजलेलं वजन आणि हाड

ही चूक ॲपमध्ये जेवण मोजणारे रोज करतात. कच्च्या बोनलेस ब्रेस्टमध्ये १०० ग्रॅमला साधारण २३ ग्रॅम प्रोटीन, शिजल्यावर पाणी निघून जातं आणि तेच मांस ७५ ग्रॅमच्या आसपास उरतं, त्यामुळे शिजलेल्या १०० ग्रॅमला आकडा ३१ दिसतो. प्रोटीन वाढलेलं नाही, पाणी कमी झालंय. तुम्ही २०० ग्रॅम कच्चं तोलून आणलं आणि ॲपमध्ये ‘कुक्ड’ निवडलं की ४६ चे ६२ ग्रॅम होतात, आणि मग महिन्याभराने ‘एवढं प्रोटीन खाऊन पण काहीच फरक नाही’ म्हणून कोचला मेसेज.

करी कटमध्ये तर अजून फसगत. अर्धा किलो करी कट आणलं, त्यातलं हाड बाजूला काढलं तर मांस अंदाजे सव्वातीनशे ग्रॅम, म्हणजे ६५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, आणि घरात खाणारी माणसं चार. ताटात आले सोळाएक ग्रॅम. लेग पीस ज्याला मिळाला त्याला जरा जास्त, रस्सा आणि मान ज्याच्या वाट्याला आली त्याच्या ‘आज चिकन खाल्लं’ला फारसा अर्थ नाही.

भाजीचं उलटं गणित. पालकाची जुडी केवढी दिसते आणि शिजली की वाटीभर. कच्च्या कोशिंबिरीचा आकडा शिजलेल्या भाजीला लावू नका आणि शिजलेल्याचा कोशिंबिरीला लावू नका, बस.

चिकनला भाजीसमोर उभं करणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. ताटात चिकनच्या जागी काय येतं? डाळ, उसळ, अंडी, पनीर, सोयाबीन, मासे. मेथीची भाजी ही चिकनच्या जागी येतच नाही, ती चिकनसोबत येते किंवा डाळीसोबत येते. तेव्हा शाकाहारी माणसाने चिकन नाही म्हणून भाजी वाढवली तर प्रोटीनचा खड्डा तसाच राहतो, आणि मांसाहारी माणसाने चिकन आहे म्हणून भाजीला सुट्टी दिली तर फायबरचा.

डाळीत पण जरा डोळे उघडे ठेवा. कोरड्या तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, हा आकडा चिकनच्या बाजूला ठेवून लोक ‘बघा, सारखंच आहे’ म्हणतात. अहो, पण डाळ कोरडी कोण खातं? आपल्या वाटीभर आमटीत २५-३० ग्रॅम डाळ असते, म्हणजे प्रोटीन सहा ग्रॅमच्या आसपास, आणि पाहुणे आले म्हणून पाणी वाढवलं असेल तर त्याहून कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. आमटी जरा घट्ट करा, दुसऱ्या वेळी मटकीची किंवा चवळीची उसळ, एक वाटी दही, अंडं चालत असेल तर अंडं (एका अंड्यात सहा ग्रॅम), आणि चपाती-भाताचं प्रोटीन पण मोजा, ते लोक विसरतात. भातात लायसिन (प्रोटीनचा एक आवश्यक घटक) कमी असतं ते डाळ भरून काढते, वरणभात उगाच नाही टिकला इतकी वर्षं.

लोह: पालक जिंकला असं वाटतं तिथे

१०० ग्रॅम पालकात २.७ मिलिग्रॅम लोह, चिकन ब्रेस्टमध्ये १ मिलिग्रॅमच्या आसपास. मग पालक भारी? कागदावर हो. पण मांसातल्या लोहाचा एक भाग हीम लोह असतो आणि ते शरीर सहज उचलतं, साधारण १५ ते ३५ टक्के. भाजीतलं लोह वेगळ्या प्रकारचं, ते २ ते २० टक्के आणि ते पण सोबत काय खाल्लं त्यावर. त्यात बाईला दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम धरलीय, म्हणजे ब्रेस्ट खाऊनही ती भागत नाही आणि पालक खाऊनही नाही. कोंबडीत लोहासाठी खरी भारी गोष्ट म्हणजे कलेजी, १०० ग्रॅमला ९ मिलिग्रॅम किंवा वर, आणि आपल्याकडे तीच बाजूला काढायला सांगतात. (गरोदर बायकांनी मात्र कलेजी स्वतःच्या मनाने खाऊ नये, त्यात ए जीवनसत्त्व फारच जास्त असतं, डॉक्टरांना विचारून घ्या.)

इतकी पालेभाजी खाऊन पण हिमोग्लोबिन हलत नाही अशी तक्रार असेल तर आधी जेवणानंतरचा चहा बघा. जेवून उठल्या उठल्या कटिंग घेतली की चहातले टॅनिन लोहाला अडवतात, तासभर तरी थांबा. भाजीवर लिंबू पिळा, सोबत पेरू, आवळा, कच्ची सिमला मिरची, म्हणजे सी जीवनसत्त्व मिळेल आणि लोह जास्त उचललं जाईल. आणि मांस खाणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी, चिकनसोबत भाजी खाल्ली तर त्या भाजीतलं लोह पण जास्त लागू पडतं. एवढं करून पण हलत नसेल तर कारण वेगळं असू शकतं, तपासणी करा, पालक वाढवत बसू नका.

कॅल्शियमसाठी पालकावर फार भिस्त नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि पाचेक टक्केच हाती लागतं. मुळ्याचा पाला त्यापेक्षा बरा, तो भाजीवाल्याकडेच तोडून टाकून येऊ नका.

‘चिकन’ म्हणजे नक्की कुठलं चिकन

३१ ग्रॅमवाला आकडा उकडलेल्या-भाजलेल्या ब्रेस्टचा. लेगचं मांस, स्किन, बटर, खोबऱ्याचं वाटण असं सगळं आलं की हिशोब पार बदलतो. ओल्या नारळात १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, त्यामुळे मालवणी रस्सा वाटीवर वाटी घेऊन वर ‘चिकन लीन असतं’ म्हणायचं नाही. वडे तर मी मोजतच नाही. भाजीला पण हेच लागू, तेलाचा तवंग आलेली भरली वांगी आणि वाफवलेली वांगी एका रकान्यात बसत नाहीत. पण सगळंच तेल काढून टाकू नका, गाजर, भोपळा, पालक यातलं कॅरोटीन थोड्या तेलातुपाशिवाय नीट शोषलं जात नाही.

गावठी-ब्रॉयलरचा वाद मी इथे थोडक्यात मिटवते. गावठीत चरबी कमी, चव जास्त, प्रोटीनमध्ये फार फरक नाही. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत मोठं होतं ते निवडक पैदास आणि खाद्य यामुळे, हॉर्मोनच्या इंजेक्शनने नाही. काळजी करायचीच तर अँटिबायोटिक्सची करा, कोलिस्टिन नावाचं औषध जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला २०१९ मध्ये सरकारने बंदी घातली ती काही उगाच नाही.

आणि काही किरकोळ पण महागात पडणाऱ्या गोष्टी

चिकन नळाखाली धुवू नका, जंतू मरत नाहीत, सिंकभर आणि बाजूच्या कोशिंबिरीवर उडतात मात्र. ते मरतात नीट शिजल्यावर, आतपर्यंत ७४ डिग्री. आपण उलटं करतो, चिकन पाच पाण्याने धुतो आणि पावसाळ्यातली चिखलवाली मेथी एका पाण्यात.

चिकन वाढवल्यापासून पोट साफ होत नसेल तर चिकन बंद करायची गरज नाही, भाजी आणि पाणी वाढवा, पण हळूहळू, एका दिवसात किलोभर गवार खाल्ली तर गॅस होणारच. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवू पण नका आणि बंद पण करू नका, के जीवनसत्त्वाने औषधाचा हिशोब बिघडतो. पूर्ण शाकाहारी असाल आणि मुंग्या येणं, थकवा असं काही असेल तर बी१२ तपासा, ते कमी निघालं तर कुठलीही भाजी ते भरून काढणार नाही.

आणि बटाटा. जागतिक आरोग्य संघटना रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते त्यात बटाटा धरत नाही, त्यामुळे ऑफिसमधून येताना खाल्लेले दोन वडापाव भाजीच्या रकान्यात लिहायचे नाहीत.